पाच मिनिटांचा दिवा

४ फेब्रुवारी

एकवीस वर्षं या इमारतीचे दिवे आणि एसी मी सांभाळते. आज कॉम्प्युटर विभागातला साहेब मला शिकवत होता, वीज कुठे वाया जाते ते! म्हणे, सगळं कॉम्प्युटरला जोडायचं. मजल्यावरचे कॉम्प्युटर बंद झाले की दिवे, एसी आपोआप बंद. ज्या खोल्यांत कॉम्प्युटर नाहीत त्यांची यादी मी द्यायची – माणसं किती, किती वेळ.

"ताई, इमारत तुमच्याइतकी कोणाला माहीत आहे?"

लोणी लावायला बरं येतं! चार पानं पंधरा मिनिटांत भरली आणि त्याच्या टेबलावर आपटली. त्याचं नाव मी 'लॅपटॉप' ठेवलंय.

१९ फेब्रुवारी

जोडलं एकदाचं. दिव्यांच्या बोर्डाची माझी चावी कपाटात, कारभार त्याच्या पडद्यावर.

२० फेब्रुवारी

नेहमीप्रमाणे तळघरातल्या मागच्या खोलीत डबा खायला गेले, सफाईच्या बायकांबरोबर. पाच मिनिटांत दिवा गेला, पंखाही. खोलीला खिडकी नाही. उठून बटण दाबलं की पुन्हा पाच मिनिटं! निम्मा डबा चाचपडत खाल्ला.

सफाईवाली मावशी म्हणाली, "तुझ्या दिव्याला आमचा कंटाळा आला गं." बाकीच्या हसल्या. मी नाही हसले.

लॅपटॉपला फोन केला. "यादीप्रमाणेच चाललंय, ताई. बघतो." बघतो म्हणजे नक्की काय बघतो हा?

२४ फेब्रुवारी

पाचवा हिस्सा वीज वाचली म्हणून वरच्या मजल्यावर पेढे वाटल्यासारखा आनंद. आकडा खरा आहे, मीच मीटर वाचलं. म्हणून जास्तच चीड येते.

२६ फेब्रुवारी

मावशी पडली. भरलेली बादली घेऊन त्या खोलीच्या तीन पायऱ्या उतरत होती आणि नेमका दिवा गेला. मनगट मोडलं.

आणि प्रशासनाचे साहेब काय म्हणतात? "वय झालं त्यांचं. तोल जातो. आता घरी बसू द्या."

घरी बसून खाणार काय? तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. चोर सोडून संन्याशाला फाशी! जिन्यात उभी राहून रडले. रागाने रडले.

घरी भांडी आदळली तर नवरा म्हणतो, "तुझं डोकं जोडायला सांग त्या सिस्टिमला. हिवाळ्यात हीटर लागणार नाही." त्याच्याशी बोलत नाहीये.

३ मार्च

आज प्रशासनाच्या साहेबांच्या केबिनमध्ये बोलले. बोलले कसली, ओरडले. दिवा का गेला हे कोणी विचारणार की नाही? त्या खोलीत रोज सात बायका असतात, हे सिस्टिमला कोणी सांगितलं नाही? ज्याने ही माहिती भरली त्याला समोर उभं करा, आणि त्याला घरी बसवा, मावशीला नाही!

साहेब जरा नरमले. "माहिती चुकीची होती असा पुरावा आणा. मावशींना परत घेतो. आणि ज्याची चूक त्याच्यावर कारवाई होईल, कोणी का असेना."

लॅपटॉप खाली मान घालून बसला होता. चोराच्या मनात चांदणं! बाहेर येताना मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फार दिवसांनी बरं वाटलं.

३ मार्च, संध्याकाळी

निघताना लॅपटॉप आला. एक घडी केलेला कागद दिला. "सगळ्यांसमोर काढावासा वाटला नाही, ताई."

यादीचं चौथं पान. तळघर, मागची खोली. माणसं – शून्य. वेळ – पाच मिनिटं. अक्षर माझं.

रोज जिथे माझा डबा उघडतो, ती खोली.

उद्या सकाळी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवणार. न आपटता.