ठराव क्रमांक सतरा आणि आमचा माळा

सोमवार, ११ फेब्रुवारी

ऑरिन पीझलीने ठराव दिला! ग्रंथालयाच्या दारावर आज गावसभेची यादी लागली. मी चष्मा पुसून दोनदा वाचली. सतरावा ठराव — "चौकातल्या आणि गावच्या रानातल्या करड्या खारी पकडून मारण्यासाठी माणूस नेमावा, आणि चौकात खारींना खायला घालणाऱ्यास दंड व्हावा." चौकात खारींना खायला घालणारी कोण? मी. दुसरं कोणी नाही. नाव लिहायचं तेवढं बाकी ठेवलं आहे.

ऑरिनचं म्हणणं, त्याच्या मेपलच्या झाडांना लावलेल्या रसाच्या नळ्या खारी कुरतडतात. कुरतडतातच! त्यांना दात आहेत आणि रस गोड आहे. या दोन्ही गोष्टी ऑरिनचे आजोबा या डोंगरात आले त्याच्या आधीपासून आहेत.

दुकानाबाहेर भेटला. "बाई, रागावू नका हं. तुम्हीच आठवीत शिकवलंत, पटलं नाही तर सभेत उभं राहून बोलायचं."

"मी बोलायच्या आधी विचार करायलाही शिकवलं होतं, ऑरिन. त्या दिवशी तू गैरहजर असशील."

हसला मेला. आवडता विद्यार्थी होता माझा.

बावीस वर्षं मी या सभेत बोलते आहे. खारींसाठी तीनदा बोलले, तीनदा जिंकले. आता चौथ्यांदा — बघूच!

बुधवार, १३ फेब्रुवारी

भाषणाचं पहिलं वाक्य मिळालं. "दुबळ्यावर हात उगारायला ठराव लागत नाही, लाज सोडायला मात्र लागतो." जेवताना डेलाला वाचून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "ऑगस्टा, माळ्यावर काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे?"

"माझ्या पलंगाच्या बरोबर वर. पहाटे धावतं."

मग मी तिला दुसरं वाक्यही वाचून दाखवलं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

टॉर्च घेऊन माळ्यावर गेले. खार आहे! चांगली गुबगुबीत, करडी, पोटाशी पांढरी. वळचणीच्या फळीला मुठीएवढं भोक पाडून आत आली आहे. थंडीसाठी भिंतीत भरलेला कापूस ओढून, त्यात बाबांची जुनी वर्तमानपत्रं फाडून घर केलं आहे. अग्रलेखांची पानंच निवडून फाडलेली दिसतात. बाबा असते तर भांडले असते. एका विजेच्या तारेचं आवरण सोललं आहे, आतलं तांबं चमकतंय.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच न विचारता आत शिरले आहे.

तारेला चिकटपट्टी गुंडाळून खाली आले. डेला जिन्याखाली उभी होती. "काय आहे?"

"भाडेकरू."

तिला हसू आलं नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

डेला म्हणते, मार्चअखेर मी लोरेटाकडे जाईन. लोरेटा म्हणजे तिची लेक, ओहायोत असते, डेटनला. मी चमचा खाली ठेवला. "एका खारीमुळे?"

डेलाने आपला वाडगा बाजूला सारला. "मला इथे झोप होत नाही, ऑगस्टा."

एका खारीमुळे कोणी घर सोडतं? मी तिला पाच कारणं सांगितली, पाचही बिनतोड. तिसऱ्या कारणाला ती भांडी घासायला उठली होती, म्हणून चौथं आणि पाचवं मोरीच्या दारात उभं राहून सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती इथे आली, दोन आठवडे राहते म्हणून. धाकटी बहीण. तिच्याशिवाय हे घर मला आता कल्पनेतही मांडता येत नाही. सूप कोण करेल हा प्रश्न नाही, सूप मी करेन. पण ऐकणार कोण?

शनिवार, २३ फेब्रुवारी

बर्फ. भाषण चौदा पानं झालं. डेला म्हणाली, "लांब आहे." लांब! लोकशाही लांबच असते.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

दुपारी चौकात अक्रोड घेऊन गेले. खारींतल्या एकीने माझ्या बुटावर पाय ठेवून हातातून एक घेतला, नाक हलवलं, बर्फ उकरून पुरला आणि वर माती थापटल्यासारखं केलं. सगळा गाव थंडीत घरात चिडून बसलेला असताना ही मंडळी कामाला लागलेली! हे बघून ज्याला हसू येत नाही त्याने मतदान करू नये असा ठराव मांडावा म्हणते.

घरी आले तर डेलाने तारेचा वास येतोय म्हणून मुख्य बटण बंद केलेलं. अंधारात बसली होती, कोट घालून. वास मलाही आला. चिकटपट्टी पुन्हा सोललेली. नवीन लावली.

लोरेटाचं पत्र टेबलावर उघडंच होतं.

शनिवार, २ मार्च

निर्णय घेतला. मारणार नाही, पकडणार नाही. पण खारीला जावं लागेल. एकतर्फी दार मिळतं पत्र्याचं. खार आतून ढकलून बाहेर पडते, बाहेरून मात्र उघडत नाही. रक्त नाही, पिंजरा नाही. तत्त्वाला धक्का नाही.

गावातल्या दुकानात घेणं शक्यच नव्हतं. गल्ल्यावर ऑरिनची बायको बसते. नदीपलीकडे सोळा मैल गेले, मफलर नाकापर्यंत ओढून. तिथल्या माणसाने दार बांधून दिलं आणि म्हणाला, "तुम्ही पलीकडच्या गावच्या ना? सभेत बोलता त्या? माझी मावशी तुमचं भाषण ऐकायला मुद्दाम येते."

"ही वस्तू शेजारणीसाठी आहे," मी म्हणाले.

तो म्हणाला, "असतातच असे शेजारी."

रविवार, ३ मार्च

सकाळी दहा वाजता सगळं गाव चर्चमध्ये, डेलासकट. मी शिडीवर. एकाहत्तराव्या वर्षी, पांढऱ्या गावात काळा कोट घालून, एखाद्या कावळ्यासारखी! खार बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली. साडेदहाला निघाली, ओकच्या झाडाकडे गेली. भोकावर दार बसवून चार खिळे ठोकले. लोक बाहेर यायच्या आत शिडी गोठ्यात.

डेला परत आली तेव्हा मी सूप ढवळत होते. "माळ्याचं काम झालं," मी सांगितलं. "आता डेटनचं डोक्यातून काढ."

तिने हातमोजे काढले. "कसं केलंस?"

सविस्तर सांगितलं. तत्त्वासकट.

सोमवार, ४ मार्च

शांतता! आज पहाटे वर काहीही धावलं नाही. चहा घेताना मी डेलाला म्हटलं, "ऐक." ती ऐकत होती. म्हणाली, "ती छपरावर आहे."

"सवय. जाईल दोन दिवसांत."

"तशी नाही फिरत आहे ती."

मला ग्रंथालयात सरावाला जायचं होतं. रिकामी खोली, प्रतिध्वनी चांगला येतो. नवव्या पानावर आवाज कुठे खाली आणायचा ते आज नीट बसलं.

संध्याकाळी परतले तर डेलाच्या हाताला पट्टी. "काय झालं?" — "काही नाही, खरचटलं." वर किंचित खुडबूड वाटली. वारा असावा. जेवताना तिला शेवटची तीन पानं म्हणून दाखवली. तिने बटाटे तीनदा वाढले, मला कळलंच नाही मी खात होते.

मंगळवार, ५ मार्च

झोप येत नाही, म्हणून लिहिते.

सभागृह गच्च. मागच्या बाकांवर विणकाम करणाऱ्या बायका, भिंतीशी चिखलाचे बूट. डेला आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

सोळा ठराव संपायला अकरा वाजले. मग ऑरिन उभा राहिला. थोडक्यात बोलला, बरं बोलला. "बाई आता सुंदर बोलतील. मी आधीच सांगतो, मलाही रडू येईल. पण नळ्या माझ्या आहेत." लोक हसले. सभापती थर्लो बीडीने हातोडी आपटली आणि माझं नाव घेतलं.

मी बोलले. मनापासून बोलले, खोटं एक अक्षर नव्हतं! रस आपला नाही, झाडाचा आहे, हे म्हणाले. ज्या गावाला चौकात चार खारी सोसत नाहीत त्या गावाला उद्या म्हातारे सोसणार नाहीत, हे म्हणाले. विणायच्या सुया थांबल्या. मग नववं पान. आवाज खाली आणला.

"आणि महिना कोणता आहे, गावकऱ्यांनो? मार्च! या घटकेला, आपण इथे बाकांवर बसलो असताना, घराघरांच्या वळचणीत आणि झाडांच्या ढोलींत बोटाएवढी, उघडी, डोळे मिटलेली पिल्लं आईच्या उबेची वाट पाहत आहेत. त्या आईला बाहेर ठेवणारा हात ज्याचा असेल —"

इथे मी थांबले.

हे वाक्य मी आरशासमोर किती वेळा म्हटलं असेल! मी लिहिलेलं, मला पाठ असलेलं. आणि आत्ता, दीडशे लोकांसमोर, ते पहिल्यांदा माझ्या कानात शिरलं. रविवारपासून मंगळवारपर्यंत. दोन दिवस. चार खिळे.

थर्लो खाली वाकून म्हणाला, "बाई, पाणी देऊ?" मी मान हलवली. पुढची पाच पानं हातात होती, ती वाचलीच नाहीत. "एवढंच," म्हटलं आणि खाली बसले.

असं टाळ्यांचं वादळ त्या छपराखाली कधी झालं नव्हतं. मतं उभं राहून मोजली. बाजूने एकसष्ट, विरुद्ध अठ्ठ्याऐंशी. ठराव पडला! ऑरिनच्या बायकोनेसुद्धा विरुद्ध मत दिलं म्हणे. मी पाहिलं नाही. सभेनंतरच्या जेवणाची बीन्सची पातेली उघडत होती तेव्हा मी चिखलातून घराकडे धावत होते. या गुडघ्यांनी!

गोठ्यातली शिडी काढायला गेले तर ती जागेवर नव्हती. वळचणीला लावलेली. फळीवर दार नव्हतं, भोक उघडं. डेला पायरीवर बसून होती.

"काल दुपारीच काढलं," ती म्हणाली. "तू ग्रंथालयात होतीस. ती फळी ओरबाडत होती. नखं तुटली होती तिची. तुझे खिळे घट्ट होते गं."

"पिल्लं?"

"चार. चारही आहेत. आत्ता पुन्हा चढून बघून आले. ती मला चावायला आली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते," डेला म्हणाली. "तू आलीस ती बोलतच आलीस."

मी तिच्या शेजारी बसले आणि रडले. कारण सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ठराव पडल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "वाटलंच."

बुधवार, ६ मार्च

दुकानात जो तो मला थांबवतो. ऑरिन टोपी काढून उभा. "हरलो, बाई. पण ते मधेच थांबणं! बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. काय सुचलं तुम्हाला!"

"सराव," मी म्हणाले.

देव मला क्षमा करो. माझा देवावर विश्वास नाही, ही आणखी एक अडचण.

रविवार, १० मार्च

वायरमन आणून तारा पत्र्याच्या नळीत घातल्या. पिल्लं मेमध्ये आपल्या पायांनी जातील, मग भोक बुजवायचं. डेलाला योजना सांगितली. "बरं केलंस," म्हणाली. तिने स्वतःच्या झोपेवर पाणी सोडून त्या खारीला आत घेतलं! याचा अर्थ उघड आहे. ती राहणार. मी विचारलं नाही. उघड गोष्टी विचारायच्या नसतात.

डेला आपले लोकरीचे कपडे घड्या घालून पेटीत ठेवते आहे. थंडी संपत आली, बरोबर आहे.

शनिवार, ३० मार्च

डेला गेली. साडेनऊच्या बसने.

बस थांब्यावर मी तिला सांगत होते, मेपर्यंत थांब, दोनच महिने, भोक मी स्वतः बुजवते, अजून तीन मुद्दे आहेत माझे. तिने माझी कॉलर सारखी केली. "खात जा वेळेवर," म्हणाली. बसचं दार बंद झालं तेव्हा मी दुसऱ्या मुद्द्यावर होते.

रविवार, ३१ मार्च

घर खायला उठतं. वर मात्र धावपळ! पिल्लांना पाय फुटलेत. धडधड, धडधड, अगदी तिच्या रिकाम्या पलंगावर. मी जिन्यात उभी राहून ओरडले, "तुमच्यामुळे! तुमच्यामुळे गेली ती!" क्षणभर थांबल्या, मग पुन्हा सुरू.

कागद काढला. पुढच्या वर्षीच्या गावसभेसाठी ठराव लिहिला — करड्या खारींचा बंदोबस्त. मांडणार ऑगस्टा टेनी. ऑरिन बेशुद्ध पडेल. पडू दे! ज्या प्राण्याने माझ्या बहिणीला घराबाहेर काढलं त्याची वकिली मी आयुष्यभर केली. बावीस वर्षांची चूक एका भाषणात धुऊन काढीन. पहिलं वाक्य तयारही झालं.

मंगळवार, ९ एप्रिल

डेलाचं कार्ड आलं. "सुखरूप पोचले. लोरेटाच्या माळ्यावरही खारी आहेत. चार-पाच तरी असतील, भिंतींतूनसुद्धा धावतात. मला अगदी गाढ झोप लागते. — डेला."

दोनदा वाचलं. मनातल्या मनात.