मिरचीला दिलेलं खोटं नाव

बाई, तुम्ही मला चौथीपर्यंत शिकवलंत आणि तेवढ्या शिदोरीवर हे लिहितेय. ऱ्हस्वदीर्घ चुकेल. चुकू दे. तुम्ही आता काही पट्टी घेऊन यायच्या नाही.

तुमची आठवण काढली की आधी पाणी आठवतं. मी तिसरीत होते. धडा वाचायला उभी राहिले आणि "नदीचं पानी" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "पानी नव्हे, पाणी. परत." मी परत पानीच म्हणाले, कारण आमच्या कोळीवाड्यात सगळे पानीच पितात आणि कोणाची तहान त्याने राहत नाही. तुम्ही मला फळ्याजवळ बोलावलंत आणि अख्ख्या वर्गासमोर वीस वेळा म्हणायला लावलंत. पोरं खिदळत होती. विसाव्या वेळी माझ्या तोंडून नीट "पाणी" निघालं, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "बघ, येतं की!" तुम्हाला आनंद झाला होता. मला मात्र तुमचा राग आला तो आलाच. लहान पोरीचा राग म्हणून कोणी हसेल, पण मी माझ्या रागाला ओळखते. तो तेव्हाही असाच होता, तळाशी बसून राहणारा.

तुम्ही देशावरच्या. वसईत खोली घेऊन राहायच्या, सकाळच्या एसटीने राजोडीला यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने जायच्या. गावात कोणाचं कोणाशी भांडण आहे, कोणाचा कुत्रा चावतो, कोणाची शेळी जाळी खाते, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण एक खूळ होतं तुम्हाला. निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, त्यात तुम्ही आमचे शब्द लिहून घ्यायच्या. शुद्ध बोला म्हणून ओरडायच्या आणि दुपारी त्याच तोंडाने विचारायच्या, "तुमच्या घरी याला काय म्हणतात गं?" मला तेव्हा ते लबाडीचं वाटायचं. आता वाटतं, तुम्हाला दोन्ही हवं होतं. आम्ही बाहेर हसू होऊ नये हेही आणि घरचं बोलणं मरू नये हेही. पण हे त्या वयात कोण समजावणार.

एकदा तुम्ही वर्गाला सांगितलंत, मिरचीबद्दल घरी विचारून या. शब्द कुठला, जुनी माणसं काय म्हणायची, कशी आली. मी आजीला विचारलं. तेव्हा मसाल्याचे दिवस. अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या, आजी उखळाशी बसलेली, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून शिव्या. आमच्यात मसाला कुटायला घेतला की पहिल्यांदा उखळात मूठभर काळी मिरी पडायची. मिरची नंतर. मी दरवर्षी बघायचे, विचारलं कधी नव्हतं. आजी म्हणाली, "थोरलीचा मान हाय तो. मिरी आपली आधीची गो. कालवनाला तिखट म्हंजे मिरीच, दुसरं काय न्हवतं. ही लाल बया मागनं आली, फिरंग्याच्या जहाजातनं. तिला नाव न्हवतं. मंग लोकांनी मिरीचंच नाव जरा वडून तिला लावलं. नाव पन घेतलं आनि घर पन घेतलं. आता थोरली कोपऱ्यात, बालंतिनीच्या काढ्यापुरती."

एवढं सोनं माझ्या पदरात पडलं होतं, बाई. दुसऱ्या दिवशी तुम्ही वही उघडून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "सांग." आणि माझ्या पोटातला तो वीस वेळांचा राग वर आला. मी म्हणाले, "आमच्यात मिरचीला तांबडुली म्हणतात."

तांबडुली ही आमच्या तांडेलाची, गावातली मोठी होडी हाकणाऱ्याची, शेळी होती. लाल, शिंगं वाकडी, माणसाला ढुशी मारणारी आणि वाळत घातलेली जाळी चघळणारी. गावात शेंबड्या पोरालासुद्धा ती ठाऊक. वर्गातल्या दोघीचौघींनी तोंडावर हात दाबले. तुम्ही मात्र किती खूश झालात! "तांबडी म्हणून तांबडुली. किती गोड शब्द!" म्हणालात आणि वळणदार अक्षरात लिहून घेतलंत. वर मला तुमच्या पिशवीतली एक नवी पेन्सिल दिलीत. मी ती घेतली. तीही लाल होती. पुरी संपेपर्यंत वापरली.

मला वाटलं होतं, झालं, वही कपाटात जाईल. पण तुम्ही शाळेच्या संमेलनात ती वाचायला काढलीत. मांडवात अख्खा गाव बसलेला, पुढच्या रांगेत तालुक्याहून आलेले साहेब आणि त्यांच्या शेजारी तांडेल, डोक्याला नवी टोपी. तुम्ही वाचत होतात, या गावचे शब्द, या मुलांनी दिलेले, हे जपायला हवेत. बाया माना डोलवत होत्या. आपलं बोलणं कोणी कागदावर घेतंय, ते साहेबापुढे वाचतंय, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. आणि मग तुम्ही म्हणालात, "मिरचीसाठी इथे फार सुंदर शब्द आहे, तांबडुली."

तांडेल उठला. "अवो बाई, तांबडुली माझी शेली! कालच तिनं माझं नवं जालं खाल्लं!"

मागून कोणी ओरडलं, "मंग घाला की तिला कालवनात!"

"घालायचीच हाय, पन बाईंना इचारून!"

मांडव हसून फुटायला आला. साहेबसुद्धा हसले, रुमाल तोंडाला लावून. तुमच्या हातातली वही तशीच उघडी. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला सांगितलं तरी कोणी हे?" तुम्ही समोर बघितलंत. पोरींच्या रांगेत मी होते, माझ्यावर तुमची नजर येऊन थांबली. मला वाटलं, आता नाव घेतील, आता बाप मला मांडवातच धरेल. तुम्ही म्हणालात, "कोणी नाही. माझीच ऐकण्यात चूक झाली." आणि वही मिटलीत.

त्यानंतर गावची पोरं तुम्हाला एसटीतून उतरताना "तांबडुलीबाई" म्हणून हाका मारायची. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात, मारलं असतंत, तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. तुम्ही वेगळंच केलंत. चौथीचं अख्खं वर्ष मी वर्गात उभं राहून पानी म्हणत राहिले, मुद्दाम मोठ्याने म्हणत राहिले, आणि तुम्ही एकदाही "परत" म्हणाला नाहीत. वही पुन्हा दिसली नाही. उन्हाळ्यात तुम्ही बदली मागून घेतलीत. मलाही घरच्यांनी त्याच उन्हाळ्यात शाळेतून काढलं. तुम्ही असतात तर बापाशी भांडला असतात, हे मी स्वतःला सांगत नाही. सांगितलं की जेवण जात नाही.

पुढे एकदा तुम्ही मला भेटलात. तुम्हाला ते कळलं नाही. मी वसईजवळच्या पापडी गावच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसायचे, पदरात दोन मुलं होती. तुम्ही आलात, केस पांढरे, चष्मा जाड, पण "ताज्या वाळणीचे आहेत ना?" मधला तो ण ऐकला आणि माझ्या हातातली टोपली कलंडली. मी पदर पुढे ओढला. सांगायला दोन घटका होत्या माझ्याकडे. मी काय केलं, तर मूठभर बोंबील जास्त घातले. तुम्ही म्हणालात, "अहो, फार झाले." मी म्हणाले, "र्‍हाऊ द्या, चांगल्या घरच्या दिसता." एवढीच माफी मागता आली मला, तीही माशाच्या वासाची. दोन पावसाळ्यांनी वर्गातल्या एकीने सांगितलं, बाई गेल्या.

आता मी विरारला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. सून पिझ्झ्यावर भोपळी मिरची घालते. त्यात तिखट नावाला नाही आणि तरी तिला मिरची म्हणायचं, पण घराघरात हल्ली असंच चालतं, मी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण कोणी ऐकत नाही. नात एम.ए. करतेय, आमच्या किनाऱ्याच्या बोलीवर. परवा ती मोबाइल समोर ठेवून बसली. "आजी, मिरची शब्दाबद्दल तुमच्यात काही सांगायचे का?" मी तिला आजीचं सगळं सांगितलं, उखळातल्या मुठीसकट. तुमच्या वहीत जायला हवं होतं ते सगळं. ती म्हणाली, "अगं, तुझी आजी बरोबर होती! संस्कृतात मरिच म्हणजे काळी मिरी. त्यातूनच मिरी, आणि त्यावरून मिरची. झाड समुद्रापलीकडचं, पोर्तुगीजांनी आणलेलं." मी म्हणाले, त्यांनी वसईला किल्ला बांधला ते शाळेत घोकून घेतात आणि रोज ताटात बसलंय त्याचं कोणी बोलत नाही. ती हसली. मग म्हणाली, "आजी, त्या काळी गावात हे शब्द कोणी लिहून ठेवत होतं का? एखादे मास्तर, बाई? तसं कोणी असेल ना, तर मी प्रबंधात पहिलं नाव त्यांचं घालीन. शोधत जाईन त्यांच्या घरी."

बाई, मी म्हणाले, "छे गं. आमच्या शब्दांची कोणाला पडली होती?"

ती मोबाइल बंद करून उठली. पहिलं खोटं बोलले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, म्हणून त्याला पांघरूण तरी घालता येतं. आता पंचाहत्तरी उलटली. तुमचं नाव सांगितलं तर ती विचारणार, मग वही बंद का झाली, आणि मला शेळीपर्यंत जावं लागणार. तुम्ही भर मांडवात माझं नाव गिळलंत. मला बंद खोलीत, माझ्याच नातीपुढे, तुमचं नाव उच्चारता आलं नाही.

ती रविवारी परत येणार आहे. तेव्हा सगळं सांगेन, असं इथे लिहायचं होतं. पण सांगेनच असं मला वाटत नाही, आणि तुम्हाला लिहून द्यायचं तर निदान या वेळी खरं लिहून द्यावं.