जेवणाच्या टेबलावरची गोल ट्यूब

४ नोव्हेंबर, सोमवार

गोल ट्यूब गेली! स्वयंपाकघरातली, जेवणाच्या टेबलावरची. आठवडाभर डोळे मिचकावत होती, आज आम्ही जेवत असताना गेलीच. ह्यांनी स्टार्टर बदलून पाहिला — ढिम्म. सासूबाई म्हणाल्या, "वय झालं तिचं. माझ्यासारखं." कोणी हसलं नाही, मग एकट्याच हसल्या.

५ नोव्हेंबर, मंगळवार

चार दुकानं पालथी घातली. "गोल? ताई, ती आता मिळणं मुश्कील." एकाने सरळ लांब ट्यूब पुढे केली. ती काय वाकवून लावू? पाय दुखतायत. झोपते.

६ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांनी मनावर घेतलं. म्हणजे संपलंच! छतावरचा दुधी काचेचा जुना दिवा उतरवून पलंगाखाली सरकवला आणि त्या जागी एक स्पॉटलाइट लावला. स्वतःच्या हातांनी. टेबल लख्ख, ताटातले मिठाचे खडे मोजून घ्यावेत! पण माणसांच्या तोंडावर अंधार. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. "ऑपरेशन थिएटर वाटतंय," मी म्हटलं, तर रुसून बसले. मग कौतुक केलं. करावं लागतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आईंचं काहीतरी बिनसलंय. जेवताना विचारलं, "औषध घेतलंत का?" तर म्हणाल्या, "हो, उद्या धुवून टाकू." ह्यांनी विचारलं, गुडघा कसा आहे? नुसत्या हसल्या. ते हसू मला आवडलं नाही. आपलं नाहीच ते, पाहुण्यांसमोर हसतात तसं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आई आता ताट घेऊन खोलीत जातात. "टेबलावर पाठ दुखते," म्हणे. गेली बावीस वर्षं दुखली नाही ती!

हे मघाशी हळूच म्हणाले, "विसरायला लागलीय ग ती." मोठ्या भाऊजींना फोन केला होता. ते म्हणाले, अशा माणसांसाठी चांगल्या जागा असतात, चोवीस तास बाई असते. ह्यांनी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. शुक्रवारी विसराळूपणाच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, ते सांगतील तसं ठरवायचं.

मला भीती वाटते. इतकी वर्षं ह्या बाईशी भांडले, त्या मला ओळखेनाशा झाल्या तर मी काय करू? परक्या बाईच्या हातून जेवतील? भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतील कोणाला?

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी खिडकीशी बसून आईंनी माझ्या लग्नात कोण कोण रुसलं होतं ते नावानिशी सांगितलं. संध्याकाळी दिवा लावला आणि पुन्हा तेच — वेडीवाकडी उत्तरं. डोकं चालत नाही माझं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काय काय झालं आज! नीट लिहिते.

शेवटी वायरमनला बोलावलं. स्पॉटलाइटकडे बघून म्हणाला, "हे कोणाचं काम?" मी विषय बदलला. पलंगाखालचा जुना दिवा दाखवला तर खूश! "हा फेकायचा कशाला, वहिनी? आतली ट्यूब, चोक, स्टार्टर काढू. लोहचुंबकाने चिकटणारी एलईडीची गोल प्लेट येते, ती थेट लाइनवर जोडू. वर तुमचीच दुधी काच. पहिल्यासारखा सगळीकडे सारखा उजेड." लोक म्हणे चोक तसाच ठेवून प्लेट जोडतात आणि दोन दिवसांत जळली की दुकानदाराशी भांडतात. मी ह्यांच्या वतीने मान खाली घातली.

ह्यांनी पाडलेली भोकं वाकडी, म्हणून त्याला नवी पाडायची होती. ड्रिल सुरू झालं. कानठळ्या! त्यातच तो शिडीवरून मला काहीतरी म्हणाला. मी आपली "काय? काय?" करतेय. आई पार तिकडे, खिडकीजवळ. जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "टेस्टर मागतोय तो. फ्रीजवर राहिलाय म्हणतो."

टेस्टर फ्रीजवरच होता. मी तो त्याच्या हातात दिला आणि वळून आईंकडे बघितलं.

आई तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात होत्या. त्या खडखडाटात कोणाचं काही ऐकू यायचं नाही, बायका एकमेकींचे ओठ बघून गप्पा मारायच्या. हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलंय! आणि मी भांडी विसळत शंभरदा "हं, हं" केलंय. ह्यांच्या त्या दिव्याखाली आमचे ओठच दिसत नव्हते त्यांना!

त्यांच्यासमोर जाऊन बसले. आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आई, ऐकू येत नाही ना?"

म्हणाल्या, "कमी कमी होत गेलं. दोन वर्षं झाली, काहीच नाही."

"सांगितलं का नाही?"

"बहिरी म्हटलं की लोक बोलायचं सोडतात ग. नुसती ताटं पुढे सरकवतात."

मी रडले. त्याही. बिचारा वायरमन शिडीवरच थांबला, उतरावं की नाही त्याला कळेना!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ते डॉक्टर रद्द, कानाचे ठरले. हे सकाळपासून आईंसमोर एकेक अक्षर तोंड वासून बोलतायत. "नीट बोल रे, माशासारखा काय करतोस!" — आई. भाऊजींना फोन ह्यांनीच केला. "ती कुठेही जाणार नाही," एवढंच बोलले आणि ठेवला. मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. जेवायला आई टेबलावर. भाजीला नावं ठेवली, तीही दोनदा!

१७ नोव्हेंबर, रविवार

हे झोपायला गेले तरी आई टेबलावरून उठेनात. म्हणाल्या, "एक विचारू? सहा वर्षांपूर्वी माझं हाड मोडलं होतं, तेव्हा ओट्याशी उभी राहून तू त्याला म्हणालीस, 'आईंना भाऊजींकडे पाठवा, मला झेपत नाही.' मी इथून वाचलं. मग तू पाठ फिरवलीस. पुढचं दिसलं नाही."

सहा वर्षं! एवढंच मनात ठेवून माझ्या हातचं जेवल्या.

"पुढे काय म्हणालीस ग?"

खुर्ची ओढून समोर बसले. चेहरा उजेडात धरला. शब्द न् शब्द आठवत होता मला. "म्हणाले — नको, राहू द्या. त्या गेल्या तर मी दिवसभर बोलू कोणाशी?"

आई माझ्या ओठांकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा म्हण."