मरकाटोल्याच्या रक्ताचा कागद

मी, देवराव लहानुजी अलोणे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, राहणार एटापल्ली, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, मागची विहीर आणि चिंचेचे झाड माझी एकुलती मुलगी खुशबू हिला मिळावे. तिची आई सीता गेल्यावर तिनेच मला सांभाळले. विकावेसे वाटले तर तिने खुशाल विकावे.

२. माझी सायकल मेहुणे हरिदास यांना. दोन दिवसांसाठी म्हणून त्यांनी ती १९९८ साली नेली आणि ती अजून त्यांच्याकडेच आहे. आता ती कायद्यानेही त्यांची झाली.

३. लाकडी पेटीतल्या एकवीस वह्या. यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी मी जंगलातल्या गावांत रक्ताचे नमुने घेत फिरलो; त्याच्या नावानिशी नोंदी या वह्यांत आहेत. मरकाटोल्यात कोणी बोट टोचू देईना. तेव्हा सुकरी लालसू पुंगाटी या बाईंनी आधी स्वतःचा हात पुढे केला, मग सारे गाव आले. यातून जे कळेल ते सांगायला मी परत येईन, असा शब्द मी सर्वांना दिला.

नमुने शहरातल्या एका प्राध्यापकांकडे गेले. कोणत्या गावांत आजार जास्त आहे, हे सांगणारा त्यांचा शोधनिबंध परदेशी मासिकात छापून आला. आमच्या रुग्णालयातल्या डॉ. दिव्या तेलंग यांना तो हवा होता, पण मासिकाच्या संकेतस्थळावर पैसे भरल्याशिवाय उघडेना. सांगायला हाती काही नाही, म्हणून लाजेने मी तीन वर्षे मरकाटोल्याची वाट टाळली.

शेवटी गेलो. तोवर सुकरीबाईंचा नातू त्याच दुखण्याने गेला होता. कागद वेळेत मिळाला असता तर तो जगला असता, असे मी म्हणत नाही. पण त्याची तपासणी तरी झाली असती. मी सगळे खरे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "रगत आमचं, मंग त्याचा कागद कुलपात काऊन ठेवला, भाऊ?"

बाईंनी तोच प्रश्न ग्रामसभेत मांडला. आमच्या गावांवर होणारे संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे आणि त्याचा अर्थ गावात येऊन सांगावा, असा ठराव झाला. शेजारच्या अकरा ग्रामसभांनीही तो केला. अंगठ्यांनी भरलेले ते कागद मी प्राध्यापकांना पाठवले. त्यांचा फोन आला. हे आपल्या कधी मनातच आले नाही, असे ते म्हणाले. चार महिन्यांत निबंध सर्वांसाठी खुला झाला. त्यांच्याविषयीची अढी मी इथे सोडतो.

त्या निबंधावरून डॉ. दिव्यांनी मरकाटोल्यापासून तपासणी सुरू केली. सुकरीबाईंच्या नातीचा आजार ती पाळण्यात असतानाच कळला. औषध चालू आहे. यंदा ती पहिलीत गेली.

म्हणून या वह्या नावे गाळून, ग्रामसभांची संमती घेऊन, कोणालाही वाचता येतील अशा खुल्या ठेवाव्यात. हे काम खुशबूने करावे. कोणा एकाच्या ताब्यात त्या देऊ नयेत.

४. माझे सूक्ष्मदर्शक मरकाटोल्याच्या शाळेला. मुलांना हात लावू द्यावा. फुटले तर फुटले.

५. माझा रेडिओ सुकरीबाईंना द्यायचा होता आणि या कागदावर साक्षही त्यांचीच हवी होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही, दोन्हीपैकी एकच होईल. मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "रेडिओ राहू दे. मी साक्ष देतो."

तेव्हा रेडिओ खुशबूला.

लिहून देणार: देवराव लहानुजी अलोणे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. दिव्या तेलंग (सही)
२. सुकरी लालसू पुंगाटी (डाव्या हाताचा अंगठा). देवरावभाऊंनी माझ्यादेखत सही केली. सर्व मजकूर मला आमच्या माडिया बोलीत वाचून दाखवला. समजला. एक जागा दोनदा वाचायला लावली, नातवाची.

एटापल्ली, जि. गडचिरोली
३ फेब्रुवारी २०२५