फिट ह्या शब्दाचं काय करावं

कनेरगाव नाका,
१० मे १९९८

ती. सौ. मंजूअक्कास,
सोमेश्वरचा सा. न. वि. वि.

अक्का, पोलीस भरतीत माझं काम झालं. छाती, उंची, डोळे, दात सगळं तपासून डॉक्टरनं कागदावर एकच शब्द लिहिला, फिट. घरी येऊन मी तो मोठ्यानं वाचला तर आई मटकन खाली बसली. तुझं लहानपणापासूनचं दुखणं तिनं काढलेलं. तिच्यापुरता त्या शब्दाला एकच अर्थ. तुलाही आली का रे बाबा, म्हणून रडायलाच लागली.

मग मी तिला समजावत बसलो. नळाला तोटी बसवणारा म्हणतो फिट. तू शिवलेला ब्लाऊज घालून बाई म्हणते फिट. तुझी सोयरीक जमली तेव्हा रामकिशनकाका मिशीवर हात फिरवून म्हणाला, मामला फिट. इंग्रजाला पोती कमी पडली म्हणून त्यानं एकाच पोत्यात ज्वारी, तूर, हरभरा सगळं कोंबलं, असं मी म्हणालो. आई काही हसली न्हाई.

आता तकलीफ सांगतो. एक जुलैला ट्रेनिंगला हजर व्हायचं आहे. पयले तीन महिने गेटाबाहेर सोडत न्हाईत. म्हणजे पंचमीला मुऱ्हाळी होऊन तुला न्यायला मी येऊ शकत न्हाई. सणाला माहेरी येतेस अन् जाताना कुरडयांच्या डब्यात खाली गोळ्या घेऊन जातेस, ते यंदा कसं करायचं? माझं ऐक, दाजींना सांगून टाक. आई म्हणते तोंड उघडलं की संसार संपला. मला तसं वाटत न्हाई.

तुझा लोभ आहेच, तो वाढव म्हणत न्हाई. गोळी चुकवू नको एवढंच म्हणतो.

तुझा,
सोमा

*

कुरुंदा,
२४ मे १९९८

चि. सोमेश्वरास,
मंजूअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र शिवणक्लासच्या कमलबाईंनी हातात आणून दिलं. त्यांच्याच पत्त्यावर लिहीत जा. घरी आलं की धाकटी जाऊ मोठ्यानं वाचते. जेवलेलं ताट उचलायचा तुला कंटाळा, अन् तू आता चोर उचलणार! आनंदानं माझे डोळे भरून आले बघ. त्या इंग्रजाला म्हणावं, आमच्या बायकांना ब्लाऊज फिट पण पायजे अन् हळदीचं बेणं लावायला वाकता पण आलं पायजे. त्याला काय शब्द आहे ते सांग.

यांना सांग म्हणतोस. अरे, मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी चार माणसांत विचारलं होतं, पोरीला काही दुखणं आहे का. आईनं बेलभंडार उचलून न्हाई म्हणून सांगितलं. आता मी बोलले की आई खोटी पडते, तेही देवाच्या शपथेला. चार वर्षांत दिवसाढवळ्या मला एकदाही फिट आली न्हाई. कधी सकाळी जीभ चावलेली असते, अंग दुखतं, तेव्हा समजते. यांना पत्ता न्हाई. हे मनानं लई चांगले, मला कधी टोचून बोलले न्हाईत. पण स्वतःच्या आईसमोर यांचा आवाज फुटत न्हाई. परवा चहात साखर कमी पडली, तेही मला डोळ्यानंच सांगितलं.

पंचमीला काकाला पाठवा. मी येते अन् गोळ्या घेऊन जाते. तू बिनघोर जा.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
अक्का

*

कुरुंदा,
२ ऑगस्ट १९९८

चि. सोमेश्वरास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

पंचमी झाली. काका आला होता. सासूबाईंनी त्याला जेवू घातलं, टोपी दिली अन् माघारी धाडलं. सख्खा भाऊ आल्याशिवाय सून पाठवायची आमच्यात रीत न्हाई म्हणाल्या. शिवाय हळदीत खुरपण चालू. मी दाराआड पिशवी भरून उभी होते, ती रिकामी केली. काकानं आणलेल्या डब्यात नुसत्या कुरडया निघाल्या. काकाच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, म्हणून आईनं त्याच्याजवळ गोळ्या दिल्याच न्हाईत. तिला वाटलं मी येईनच.

तू रागावशील, तरी सांगते. सकाळची गोळी बंद केली आहे अन् रात्रीची अर्धी घेते. दिवाळीपर्यंत पुरवते. वसमतला डॉक्टरकडं जायचं तर यांना सोबत मागावी लागंल, अन् काहून ते सांगावं लागंल. एकदा दोनदा ओठावर आलं होतं. हे हसून माझ्याकडं बघायले होते, मग मला ते हसू घालवावं वाटलं न्हाई.

काळजी करू नको म्हणते, पण मलाच होऊन राहिली.

तुझी,
अक्का

*

ट्रेनिंग सेंटर,
१४ ऑगस्ट १९९८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

गोळी अर्धी करू नको. तुझ्या पाया पडतो. साहेबाकडं सुट्टीचा अर्ज दिला, त्यांनी बाजूला ठेवला. हे पत्र मिळाल्याबराबर दाजींना सांग. आई खोटी पडली तर पडू दे. ती म्हातारी आहे, सहन करील.

सोमा

*

कनेरगाव नाका,
२० सप्टेंबर १९९८

चि. सोमेश्वरास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

पत्ता बघून समजलाच असशील. तुझं पत्र मला मिळालं होतं. महालक्ष्म्या होऊ द्याव्यात, मग सांगावं असं ठरवलं. सणात कशाला रडारड?

महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरलं होतं. मी पंगतीत पुरणपोळी वाढत होते. तेवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा नाकाशी चप्पल होती, कपाळावर कांद्याचा रस अन् भोवती सगळं गाव. पातळ ओलं झालं होतं. ते कुणी झाकलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी भावकी बसली. आईला बोलावून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, दुखण्याचं काही न्हाई, दुखणं कोणालाही येते, पण बेलभंडार उचलून आमाला फसवलं. आईनं त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले. मग यांच्या मामांनी यांना विचारलं, तुला ठाऊक होतं का? यांनी मान खाली घालून न्हाई म्हटलं.

खरंच तर बोलले. मी कुठं सांगितलं होतं? तरी सोमा, मला वाटलं हे अजून काहीतरी म्हणतील. ठाऊक नव्हतं, आता झालं, राहू द्या तिला, एवढंच. मी वाट बघत उभी राहिले. मामा उठले, चहा आला, लोक चपला शोधायला लागले. तरी मी उभीच होते.

तू वर्दी घालून कुरुंद्याला जाशील, जाऊ नको. यांच्यावर हात उचललास तर माझं तोंड बघू नको. ज्या माणसाला काही ठाऊकच नव्हतं त्यानं काय करावं?

आई दोन दिवसांनी एकदा जेवते. तू ये.

तुझी,
अक्का

*

कुरुंदा,
८ मार्च १९९९

श्री. सोमेश्वर यांना,
योगेशचा नमस्कार. वि. वि.

पत्र फाडू नका, शेवटपर्यंत वाचा.

चैत्रात माझं दुसरं लग्न आहे. आईनं ठरवलं. यावेळी पोरीकडून डॉक्टरचा कागद मागितला, फिट असल्याचा. तो आला. आई तो सगळ्यांना दाखवून राहिली.

मामांनी विचारलं तेव्हा मी न्हाई म्हणालो, ते खोटं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून मला ठाऊक होतं. ती आपणहून सांगंल म्हणून थांबलो. माफी मागायला लिहीत न्हाई. तिच्याजवळ आता कोण झोपतं ते मला माहीत न्हाई, म्हणून लिहितो.

पहाटेच्या टायमाला जास्त येते. आधी उजव्या हाताची बोटं हलतात. तेव्हाच कुशीवर वळवा. दातात चमचा घालू नका. कांदा, चप्पल काही नको. काचेच्या बांगड्या फुटून हातात घुसतात. मी तिला प्लास्टिकच्या आणल्या होत्या, नवी फॅशन आहे म्हणून सांगितलं होतं, तशा आणा. तोंड ओल्या फडक्यानं पुसा. उशीचा अभ्रा बदला, म्हणजे सकाळी रक्त दिसत न्हाई. थोड्या वेळानं ती अर्धवट जागी होते अन् विचारते, मी ओरडले का? न्हाई म्हणून सांगा. दोन-तीनदा सांगावं लागते. हात धरला की लवकर झोपते.

हे पत्र तिला दाखवू नका. मला ठाऊक नव्हतं म्हणून मी गप बसलो, असं तिला वाटत असंल तर तेवढं तिच्याजवळ राहू द्या.

आता लोभ कोणत्या तोंडानं मागू?

योगेश