चाचांच्या ट्रॉलीचे दिवे

अप्पा,

आज तुमच्याच दुकानात, तुमच्याच दोस्ताच्या गाडीवर मी तुमची पद्धत मोडली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. दुकान अजून पडेगावातच आहे, दौलताबाद रस्त्याच्या कडेला. तुम्ही बसायचात तिथं आता मी बसते. सकाळी शटर वर करते न करते तोच चाचा आले. तेच दावतीचं जेवण रांधणारे चाचा, ज्यांच्या प्रत्येक गाडीची वायरिंग तुम्ही केलीत. त्यांनी नवीकोरी गाडी घेतलीय आणि तिच्यामागं देगांची, त्या मोठाल्या हंड्यांची ट्रॉली ओढायचीय. हुक बसवून आणला होता. ट्रॉलीच्या दिव्यांना गाडीतून वीज द्यायची, एवढंच माझं काम. उद्या लासूर स्टेशनला लग्नाची दावत, म्हणजे परतताना अंधार आणि मागं ट्रकांची रांग. ट्रॉलीचा ब्रेकचा दिवा लागला नाही तर मागचा ट्रक सरळ देगांवर येणार, आणि देगांच्या पुढं चाचा बसलेले असणार.

चाचा म्हणाले, "बेटा, दो वायरां मार दे, मैं चाय पीके निकलता. तेरे अप्पा बी ऐसाच करते थे." खरंच, तुम्ही तसंच करायचात. जीपचा मागचा दिवा उघडायचा, वायर सोलायची, ट्रॉलीच्या वायरीचा पिळा मारायचा, वर काळी टेप. टेस्ट लॅम्प पेटला की काम संपलं. त्या गाड्यांना ते चालून जायचं, कारण त्यांच्या वायरीत वीज सोडून दुसरं काही नव्हतं. आताच्या गाडीत दिव्याला वीज कॉम्प्युटर देतो, तीही तोलूनमापून, आणि दिवा शाबूत आहे की नाही ते सारखा तपासत असतो. त्या वायरीवर ट्रॉलीचे दिवे लादले तर तो एकतर दिवेच बंद करतो, नाहीतर स्वतः जळतो. हे मी तुम्हाला तुमच्या हयातीतच सांगत होते. वाळूजच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होते मी तेव्हा. शिफ्ट संपवून घरी यायचं, स्वयंपाकघरात तुमच्यासमोर बसायचं आणि आज काय शिकले ते सांगायचं. तुम्ही भाकरी कुस्करता कुस्करता म्हणता, "गाडी म्हंजे बॅटरी, वायर न् दिवा. बाकी समदं नाटक हाय. कंपनीनं तुला लई शानं केलंय." आई म्हणते, "जेवू द्या की तिला." आणि मी उत्तर जुळवेपर्यंत तुम्ही हात धुवून उठलेले असता.

"तसं नाय जमणार चाचा," मी म्हणाले. "वेगळा डबा बसवावा लागंल. दुपार होईल." चाचा तडकले. "दुसरा कोई बी आधे घंटे में करके देता." मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवू नये हे तुम्हीच शिकवलंत, पण ठेवली. म्हटलं, "घेऊन जा. माझ्या हातनं हे होणार नाय. उद्या रस्त्यात दिवे गेले तर मी कुणाला तोंड दाखवू?" मग त्यांना मागं नेलं आणि दिव्यामागची वायर दाखवली. सुतळीहून बारीक. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मतलब एक देग के चूल्हे पे तीन देगां?"

"व्हय चाचा."

"तो कर फिर, जैसा करना वैसा." आणि स्टुलावर बसले.

मग मी माझ्या मनासारखं काम केलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. ट्रॉलीच्या दिव्यांसाठी वेगळा डबा बसवला. त्याला बॅटरीवरून थेट जाड वायर आणली, तिला तिचा स्वतःचा फ्यूज. गाडीच्या दिव्यांच्या वायरी आता त्या डब्याला फक्त खबर देतात, ओझं तो उचलतो. वायर सायलेन्सरपासून लांबून नेली. अर्थिंग मात्र तुमच्या पद्धतीनं, वेगळी वायर टाकून. एकदा मी ट्रॉलीची अर्थ हुकावरच सोडली होती, तर तुम्ही भर दुकानात ओरडला होतात, "हुकावर भरवसा? ग्रीस फासलंय त्याला!" आणि सगळं उकलायला लावलं होतं. तुमचं बरोबर होतं. शेवटी स्कॅनर लावून गाडीला कळवलं की तुझ्यामागं ट्रॉली आहे, नाहीतर रिव्हर्स घेताना ती ट्रॉलीलाच भिंत समजून बोंबलत बसली असती.

आणि तपासणीही तुमच्याच रिवाजानं. मिस्त्री सीटवर, मालक मागं उभा, आणि एकेक दिवा मालकानंच पुकारायचा. "ज्याचा जीव जायचा त्यानंच बघावं," म्हणायचात तुम्ही. चाचा मागून ओरडत होते, "डावा, हौ! उजवा, हौ! ब्रेक, हौ!" मग सगळे एकदम लावले, कारण अर्थ कच्ची असली तर तेव्हाच चोरी पकडली जाते. एकही दिवा मंद झाला नाही. अप्पा, फार देखणं काम झालं होतं.

निघताना चाचा म्हणाले, "तेरे अप्पा होते ना, तो वो बी मान जाते." मी हसले आणि त्यांना वाट करून दिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. चाचांनी ऐकलं तेव्हा खरं तर मला बरं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. वाळूजहून घरी येताना बसमध्ये तुमच्यासाठी जुळवलेली सगळी उत्तरं माझ्याजवळ तयार होती, आणि त्यांनी मला अर्धीही बोलू दिली नाहीत. तुम्ही इतक्यात मानलं नसतंत. तुम्ही संध्याकाळपर्यंत हुज्जत घातली असतीत, अप्पा, आणि मला ती हुज्जत हवी होती.