कापलेलं कडवं

जोगेश्वरी

विकी, जय भीम.

तुझी फिल्म काल तिसऱ्यांदा बघितली. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून घरीच आहे ना, दिवसभर मोबाईलवर डॉक्युमेंट्रीच बघते. सगळ्या सारख्याच रे. राजकारणाची असली की ड्रोनने वरून वस्ती दाखवतात. गाण्याची असली की दोन ओळींवर गाणं थांबवून कुणीतरी प्रोफेसर त्याचा अर्थ सांगतो. कंटाळा आला. तुझ्या फिल्ममध्ये दोन्ही आहे, तरी शोला सगळ्यांबरोबर मीपण टाळ्या वाजवल्या.

बाबांनी लिहिलेलं मोर्चाचं गाणं आईने तुझ्या कॅमेऱ्यासमोर पूर्ण म्हटलं होतं. मी बाजूलाच ठेका धरून बसले होते. तू शेवटचं कडवं कापलंस. लांबत होतं म्हणालास. अरे, आपल्या गाण्यात लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, हे तुला मी सांगायचं? आईने जन्मभर बाबांना 'संघमित्राचे बाबा' म्हटलं. 'अंबादास' हे नाव तिच्या तोंडून फक्त त्या कडव्यात यायचं. त्या दिवशीही ते घेताना लाजली होती, सत्तरीची बाई.

आई जाऊन आठ महिने झाले. तो तुकडा ठेवला असशील तर पाठव, एवढंच मागायचं होतं. पण हे पत्र काही मी पाठवणार नाही. "डिलीट केला गं ताई," असं तू सहज म्हणून जाशील, आणि ते ऐकायची ताकद आता माझ्यात नाही. त्यापेक्षा तो तुझ्याकडे आहे, असंच धरून चालते.

तुझी ताई,
संघमित्रा